मागची शिलाई

नाही काका, टेप ठेवा खाली. लांबी ठीक आहे, खिसे ठीक आहेत, चेन ठीक आहे, या पॅन्टचं मला काही करून नकोय. फक्त बघून सांगायचंय. ही मागची शिलाई बघा, कंबरेपासून खाली आसनाकडे उतरते ती. ही पहिल्यापासूनची आहे, की कुणी उसवून परत मारलीय? हो किंवा नाही, एवढंच बोला आणि मी गेलो. — मग तो कोट पुरा करा आधी, मी थांबतो. टाचण्या तोंडात धरून बोलू नका, दादाही तसाच बोलायचा, वहिनीचा जीव वर-खाली व्हायचा.

दादानं शिवलीय ही. माझा मोठा भाऊ. शिंपी होता, तुमच्यासारखाच — होता म्हणताना अजून जीभ अडकते बघा. याच महिन्यात गेला. आमच्या भागात शिंपी पुष्कळ आहेत हो, पण ते सगळे दादाला ओळखतात, अर्धे त्याच्या हाताखाली शिकले, ते माझ्या तोंडावर गोड बोलतील. म्हणून बस बदलून इथवर आलो. तुम्ही त्याला ओळखत नाही, मला ओळखत नाही. तुम्हाला खोटं बोलायचं कारण काय? काहीच नाही.

लिव्हर गेलं होतं त्याचं. दारूनं नाही हं, तसं तोंड करू नका, सगळे तसंच तोंड करतात. दादानं आयुष्यात थेंब घेतला नाही. लहानपणी कधीतरी रक्तातून काहीतरी आत शिरलं आणि गपचूप खात बसलं. कळलं तेव्हा पोटात पाणी, पायाला सूज, डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर माणूस वाचेल. परत वाढतं म्हणे ते, देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही. मी म्हटलं घ्या. मी तर शर्टाची बटणं काढायला लागलो तिथल्या तिथं. नर्स हसली. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता, माझा जुळला. मला काय आनंद झाला सांगू, शाळेत कधी पास झालो नाही मी काका, ही पहिली परीक्षा. आणि मग त्यांनी मशीनमध्ये घालून माझ्या आतला फोटो काढला, आणि डॉक्टर म्हणाले, तुझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे, हे असं चालणार नाही. मी म्हटलं अहो मी पाण्याचे जार पोचवतो, दिवसभर खांद्यावर वजन असतं, माझ्यात चरबी कशी? तर म्हणाले खातोस काय. आता काय खातो — टेम्पोत बसून जे हाताला लागेल ते. थंड बाटली, गोड पाव, तळलेलं काहीतरी, चहा, परत बाटली. दादा मला गोणी म्हणायचा. लाडानं. "गोणी आली, दार उघडा दोन्ही बाजूंनी."

तर डॉक्टर म्हणाले, चरबी उतरव, मग घेतो. किती वेळ आहे विचारलं, तर म्हणाले आहे, पण ताणायला नाही. असं बोलतात ते. आणि मला पाठवलं आहारवाल्या मॅडमकडे. चांगली बाई. माझ्यासारख्याला कळेल असं सांगितलं. साखर बंद, तळण बंद, बाटली तर बघायचीसुद्धा नाही. अंडी खा उकडून, पालेभाजी खा, डाळ खा, भात मुठीएवढा. रोज घाम निघेपर्यंत चाल, मग पळ. पण उपाशी राहू नकोस, म्हणाली, उपाशी राहिलास तर लिव्हर उलटं बिघडेल, शरीराला वाटतं दुष्काळ पडला. आणि एक चांगली गोष्ट सांगितली — पोटावरची चरबी हट्टी असते, ती शेवटी जाते, पण लिव्हरमधली आधी उतरते. थोडं जरी वजन गेलं तरी तिथं फरक पडतो. थोडं जरी. हे लक्षात ठेवा काका, थोडं जरी.

मग मी सुरू केलं. लिफ्ट बंद, जार खांद्यावर घेऊन जिन्यानं. आमचा टेम्पोवाला, टक्कल म्हणतात त्याला सगळे, त्याला म्हटलं तू पुढे हो, मी पळत येतो, पुढच्या इमारतीपाशी गाठतो. लोकांना वाटायचं हा मला विसरून चाललाय, शिट्ट्या मारायचे, अरे तुझा माणूस राहिला मागे. एका म्हाताऱ्यानं तर टेम्पोला काठी आडवी घातली. टक्कल म्हणतो, तुझा भाऊ वाचेल पण मला लोक मारतील. पहिले काही दिवस डोकं असं दुखायचं, साखरेची स्वप्नं पडायची. मग एक दिवस सकाळी उठलो तर हलकं वाटलं. भूक होती, पण ती भूक मालकीण नव्हती, शेजारीण होती. कळतंय ना मी काय म्हणतो? मला आवडायला लागलं. जिन्यावर धाप कमी लागली, घामाचा वाससुद्धा बदलला.

आता मॅडम म्हणाली होती दर आठवड्याला वजन कर. घरात काटा नाही. मी म्हटलं औषधाच्या दुकानात आहे तिथं जातो, तर दादा म्हणाला, कशाला? काटा हाडं पण मोजतो, पाणी पण मोजतो. कापड फक्त घेर मोजतं. मी शिंपी आहे का कोण आहे? आणि बसला मशीनवर, सुजलेले पाय पायडलवर ठेवून, आणि माझ्यासाठी ही पॅन्ट शिवली. मुद्दाम तंग. बटण लागतच नव्हतं पहिल्यांदा, दोन बोटांचं अंतर. म्हणाला, ही सैल झाली की आपण जिंकलो. दर रविवारी घालायची, मी बघणार. म्हणजे बघा, आमची परीक्षा ही होती. मला आकडे कळत नाहीत फार, पण पॅन्ट कळते. पॅन्ट कुणालाही कळते.

पुढच्या रविवारी बटण लागलं. श्वास धरून लागलं, पण लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी श्वास सोडून. मग बोट जायला लागलं आत, मग दोन बोटं, मग आख्खी मूठ. दादा पलंगावर बसून टाळ्या वाजवायचा, "गोणी रिकामी झाली रे, आता बाजारात भाव नाही तुला." वहिनी दारात उभी राहून रडायची, आनंदानं हो. आणि मग दादा ती वाटी पुढे करायचा. त्याला डॉक्टरांनी खायला सांगितलेलं, ताकद राहावी म्हणून, दुधात पाव कुस्करून वर साखर. त्याला जायचं नाही. वास आला तरी मळमळायचं. तर तो वहिनी कामावर गेली की मला हाक मारायचा. "मूठ जातेय की कंबरेत. घे, फुकट जाईल." आई गेली तेव्हा मी एवढासा होतो काका, मला हेच भरवायचा तो, दुधात पाव, स्वतः चुलीपुढे बसून — तेव्हा तो तरी केवढा, मिसरूड फुटलं नव्हतं. तर मी काय म्हणणार? एक वाटी. मी खायचो आणि त्याच्या तोंडावर असं काही यायचं की वाटायचं हाच बरा झाला. मग रविवारची वाटी बुधवारी पण आली. मग रोज. पळतच होतो की मी. आणि पॅन्ट सैल होत होती, दर रविवारी आणखी सैल. मग बिघडलं कुठे? सांगा तुम्ही. सैल होत होती ना?

परत फोटो काढला. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे फिरवला, म्हणाले फारसा फरक नाही. काट्यावर उभं केलं. वजन जवळजवळ तेवढंच. मी ओरडलो काका, अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. म्हटलं तुमचा काटा मोडलाय, तुमचं मशीन मोडलंय, ही बघा पॅन्ट, आणि डॉक्टरांसमोर कंबरेत मूठ घालून दाखवली, दोन्ही मुठी घातल्या. वॉर्डबॉय आला मला धरायला, त्याला ढकललं. आणि दादा चाकाच्या खुर्चीत बसलेला, तो — तो खाली बघत होता. फरशीकडे. दादा कधी माझी बाजू सोडायचा नाही, मी शाळेत दगड मारला तेव्हाही हेडमास्तरांना म्हणाला होता दगडच मध्ये आला. आणि त्या दिवशी एक शब्द नाही. फक्त म्हणाला, चल, घरी जाऊ. मला तेव्हा वाटलं थकलाय.

मग पोटातल्या पाण्यात काहीतरी झालं, ताप चढला, माणसं ओळखेना झाला. आणखी काही दिवस. गेला.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे ताट वाढते, समोर ठेवते, जाते. एकदाच बोलली. तिनं वाट्या घासल्या होत्या ना सगळ्या, तिला कळणारच, दादाला वास सहन होत नाही आणि वाटी चाटूनपुसून लख्ख कशी. म्हणाली, "दोन घास आवरले नाहीत तुला." बस. एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी काय सांगणार? पॅन्ट सैल होत होती वहिनी? तिला पण तेच दिसत होतं, दारात उभी असायची ती.

आणि आता परवा — कपडे इस्त्री करायला काढले. उगाच, हाताला काम. दादाची इस्त्री, जड आहे, कोळशाची होती आधी, मग त्यानं वायर लावून घेतली. ही पॅन्ट उलटी टाकली आणि मागच्या शिलाईवर इस्त्री फिरवली, तर एक रेघ उठली. शिलाईच्या आत, तीन बोटं अंतरावर. आणि त्या रेघेत भोकं. बारीक, एका ओळीत, सुईची. दादाच्या दुकानात वाढलोय मी, भोकं म्हणजे काय ते मला कळतं. पण खात्री नाही. कधी कधी कापडच तसं येतं ना? ताग्यातच भोकं असतात काठाला? किंवा दादानंच शिवताना आधी कच्चा टाका घातला असेल, असं करतात ना तुम्ही लोक? म्हणून आलो. तुम्ही म्हणालात कच्चा टाका आहे, तर मी जातो, आणि वहिनी बरोबर आहे, मला दोन घास आवरले नाहीत. आणि तुम्ही म्हणालात उसवलीय, तर मी तुमच्या हातापाया पडून तुम्हाला घेऊन जाणार आमच्या घरी, वहिनीसमोर, तुम्हीच सांगा तिला. माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही.

झाला कोट? हां, घ्या. असं, उजेडाकडे धरा. ही रेघ. दिसली? भिंग कशाला लागतंय — बरं, घ्या भिंग. — काय? काय मोजताय नखानं? एकच आहे ती. नाही? ही कुठली? ही तर अगदी तिला चिकटून आहे. आणि ही. थांबा, थांबा, हे कापड सुरकुतलंय नुसतं, तुम्ही ओढताय म्हणून — नाही. नाही, भोकं आहेत. आणखी एक. म्हणजे एकदा नाही. म्हणजे दर वेळी थोडी थोडी, एक दोरा बाहेर, एक दोरा बाहेर. आत माया किती सोडलीय बघा, शिलाईपलीकडं केवढं कापड. एवढी कुणी सोडतं पॅन्टला? तुम्ही सोडता? शिवतानाच सोडून ठेवली होती त्यानं.

पण ही बघा, ही शेवटची टीप. ही वाकडी आहे. आहे ना वाकडी, नागासारखी? मग ही दादाची नव्हे. काका, दादा डोळे मिटून टीप मारायचा, तरी पट्टी लावल्यासारखी सरळ. दुसऱ्या कुणीतरी मारलीय ही. शेजारच्या पोरानं कुणी मशीन वापरलं असेल, वहिनीनं — नाही, वहिनी काजंबटणं करते, मशीनवर बसत नाही. मग कोण? दादा तर त्या वेळी उठूनसुद्धा —

हात कापायचे त्याचे. शेवटी शेवटी. पेला धरला तर पाणी सांडायचं. डॉक्टर म्हणायचे हात पुढे धरा, आणि हात पाखरासारखे फडफडायचे. हो. त्याचीच आहे.

म्हणजे मी पळायला गेलो, वहिनी कामावर गेली, की हा उठायचा. ते पोट घेऊन. सरकत मशीनपर्यंत जायचा, उसवायचा, सुईत दोरा ओवायचा — त्या हातांनी काका, दोरा ओवायला किती वेळ लागला असेल — आणि टीप मारून, घडी घालून, परत खुंटीवर. आणि रविवारी टाळ्या.

का पण? तुम्ही शिंपी आहात, तुम्ही सांगा, का करेल माणूस असं? मला उपाशी बघवत नव्हतं, एवढंच असेल. हो ना? साधा माणूस तो, मी जेवलो नाही तर त्याला झोप यायची नाही. वाटलं असेल पोराचं मन राखावं, हिंमत राहावी, पळत राहील. त्याला काय माहीत आतली चरबी कशी असते. एवढंच असणार. — पण मॅडम बोलली तेव्हा तो शेजारीच बसला होता. थोडं जरी उतरलं तरी चालेल, हे त्यानं पण ऐकलं.

आणि एकदा काय झालं सांगू? मी कुणाला बोललो नाही हे. एकदा म्हणाला, बनियन वर कर. मला वाटलं पोट बघतोय. तर त्यानं बोट ठेवलं इथं, छातीखाली, मधोमध, आणि खाली आणत आणलं, मग उजवीकडे वळवलं, बरगडीच्या खालून. जसं खडूनं आखतात ना कापायच्या आधी, तसं. म्हणाला, "इथून इथपर्यंत कापतात ना?" मी म्हटलं हो, डॉक्टरांनी चित्र दाखवलं होतं, तू पण बघितलंस. तर हात तसाच ठेवून बसला. म्हणाला, "एवढा मोठा काप मी अजून कोणाच्या कोटालासुद्धा दिला नाही." मी हसलो. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं परत शिवतात रे दादा. तर म्हणाला, "शिवलेलं ते शिवलेलं. मला सांगू नकोस."

त्याला नको होतं. बस. त्याला माझ्या अंगाला सुरी नको होती. तोंडानं बोलला असता तर मी ऐकलं नसतं, वहिनीनं ऐकलं नसतं, म्हणून — मला सांगायचं होतंस ना रे. मी भांडलो असतो, तुला मारलं असतं मी, पण सांगायचं होतंस. मला गाढव केलंस तू. टाळ्या वाजवून गाढव केलंस.

पाणी नको. बरा आहे मी. आता बघा गंमत, तो गेल्यापासून घास उतरत नाही, आणि आता उतरतेय चरबी. आता. हे बघा, बेल्टला नवीन भोक पाडलंय.

नाही, बसा तुम्ही, चप्पल कुठे घालताय? कुठे जायचं? — हो, म्हटलं होतं मी, वहिनीसमोर चला म्हणून. म्हटलं होतं. थांबा जरा. हे तिला दाखवलं तर काय होईल? मी सुटेन. मी एकदम सुटेन, नाही का? ती म्हणेल चुकले मी, तुझा दोष नव्हता, ताट वाढून समोर बसेल. आणि मग रात्रंदिवस काय करेल? तिनं त्या माणसासाठी किती दवाखाने केले, डॉक्टरांपुढे पदर पसरला, आणि तो घरात बसून स्वतःचं मरण एकेक दोरा शिवत होता. तिला न विचारता. तिच्यापेक्षा मी जास्त झालो त्याला, हेच ना? ती हेच वाचेल या रेघांत. दुसरं काय वाचणार? मलाच दुसरं वाचता येत नाहीये. माझ्यावर रागावून ती उभी आहे काका. तोंड फिरवून का होईना, सकाळी उठते, कामाला जाते. त्याच्यावर रागावली तर कुठं जाईल?

नको. मी खाल्लं. खाल्लंच होतं की, वाट्या काही रिकाम्या आपोआप झाल्या नाहीत.

एक काम कराल? ही आत घ्या. त्याच्या अगदी पहिल्या रेघेवर, ही सगळ्यात आतली, हिच्यावर दुहेरी टीप मारा. बाकीच्या सगळ्या मग आत जातील, दाबात. वरून पाणी शिंपडून कडक इस्त्री करा. वहिनी कपडे आवरायला घेईल आज ना उद्या, तिच्या हाताला शिलाई कळते, तिला एकच टीप दिसायला पाहिजे. सरळ. आणि माया कापून टाका, नखभर ठेवून बाकी सगळी. हो, नक्की. परत सैल नाही करता येणार, माहितीये मला. कापा.

काय म्हणताय? — नाही. ऐका, तुम्हाला काय वाटतं ते मला सांगू नका. मघाशी विचारलं होतं, आता नाही विचारत. मी बाहेर उभा राहतो. तुम्ही मशीन चालवा.